चाकाची पारख

चाक ही वस्तू आपल्या इतक्या ओळखीची आहे, की तिच्याविषयी वेगळा विचार करावा असे कुणाला वाटतच नाही. गाडी घ्यायची म्हटली की आपण इंजिन किती सीसीचे, एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते, रंग कोणता, हप्ता किती बसेल हे सारे विचारतो. चाकाची आठवण होते ती दोनच प्रसंगी : एक, ते पंक्चर झाल्यावर आणि दुसरी, ते जुनाट दिसू लागल्यावर. या दोहोंत दुसरा प्रसंग अधिक धोक्याचा, असे माझे मत आहे. पंक्चर झालेले चाक आपण दुरुस्त करतो. जुनाट दिसणारे चाक आपण काढून टाकतो, आणि ते मुळात तसे का होते, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

कला शाखेच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे. तूर्त एवढेच सांगतो, की महाविद्यालयांच्या सायकल-स्टँडवर आता सायकली थोड्या आणि मोटारसायकली फार झाल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांची मूळ चाके आज त्यांच्याजवळ नाहीत. कुणी तारांचे चाक काढून मिश्रधातूचे बसवले आहे, कुणी मागे कंपनीने दिले त्याहून दोन बोटे रुंद टायर चढवला आहे. मोकळ्या तासाला चहाच्या टपरीवर मोबाईलच्या पडद्यावर ज्या गाड्या पाहिल्या जातात, त्या तर स्पोर्ट्स कार. "काय दिसते ना बे! पाच नट नाही, मधात एकच नट हाय!" असे उद्गार त्या वेळी कानी पडतात. या एका नटाच्या चाकाला सेंटरलॉक म्हणतात. वलगावच्या पोराने अशी गाडी मनात आणू नये, असे मी म्हणणार नाही. स्वप्नाला तालुका-जिल्हा नसतो. पण स्वप्न पाहतानाही पारख हवी, आणि चाकाची पारख हा तर आपल्या वऱ्हाडातला जुनाच विषय आहे.

मित्रहो, खरे पाहता हे मधल्या एका खिळीचे चाक आपल्याला मुळीच नवे नाही. आपली बंडी जन्मापासून सेंटरलॉकच आहे! चाकाच्या मधोमध लाकडी तुंबा, तुंब्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वाकदार पुठ्ठे, आणि या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. तुंब्यातून आस जातो आणि आसाच्या टोकाला एक लोखंडी खीळ असते. मणामणांचा माल, दोन बैल, वर बसलेली माणसे, या सगळ्यांचा भरवसा त्या वीतभर खिळीवर. वेदकाळच्या संस्कृतात या खिळीला 'आणि' असा स्वतंत्र शब्द होता, यावरून तिचे महत्त्व किती जुने आहे ते कळावे. दशरथाच्या रथाची खीळ ऐन युद्धात निसटली, कैकेयीने तिच्या जागी आपले बोट घातले आणि दोन वर मिळवले, ही लोककथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे लोकांच्या समजुतीप्रमाणे सारे रामायण घडले ते एका खिळीपायी. महाभारतात कर्णाचे चाक जमिनीत रुतले, तेव्हा त्याची सारी धनुर्विद्या व्यर्थ ठरली. आपल्या पूर्वजांनी दोन्ही महाकथांच्या मोक्याच्या जागी चाक आणून ठेवले, याचा अर्थ एवढाच, की माणसाची शक्ती जिथे भुईला टेकते, ती जागा त्यांना नीट ठाऊक होती.

त्या काळी चाक निवडताना माणूस काय पाहत असे? प्रथम लाकूड. आपल्याकडे चाकासाठी बाभळीला मान. बाभूळ कठीण, चिवट, धक्का सोसणारी आणि शेताच्या बांधावर मिळणारी. साग दिसायला देखणा, मेळघाटातून परतवाड्याला येणाराही. पण चाकाचा मार खाण्याचे काम बाभळीचे. दुसरे, चाकाची उंची. मोठ्या व्यासाचे चाक खड्ड्यावरून सहज जाते, लहान चाक खड्ड्यात उतरते. तिसरे, रस्ता. आपली जमीन काळी, पावसाळ्यात तिचे लोण्यासारखे होते. तिथे चाक किती रुंद असावे, याचा विचार गावोगावचा सुतार करीत असे. आणि चौथे, धाव. लोखंडाचे हे कडे चाकाच्या घेराहून थोडे कमीच ठेवीत. गोवऱ्यांच्या आगीत ते लाल करायचे, फुगल्यावर चाकावर चढवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. निवताना ते आकसे आणि प्रत्येक सांधा करकचून आवळला जाई. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर साधारण ४.८ मीटर होतो. लोखंड एका अंशाला दहा लाखांत बारा भाग प्रसरण पावते. पाचशे अंश तापवले, तर ही धाव जवळजवळ तीन सेंटिमीटरने वाढेल. हे गणित ज्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, त्यांच्या हाताला ते येत होते. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली, तर चाक पाण्यात भिजत घालायचे, हे तर घरचे पोरही जाणत असे.

पुढे रबरी टायरची बंडी आली. हवा भरलेले टायर बैलगाडीला बसवण्याचे प्रयत्न आपल्या देशात स्वातंत्र्याच्या आधीपासूनच सुरू झाले होते. १९७० च्या दशकात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न देशापुढे हिरिरीने मांडला. बैलाच्या मानेवरचा भार, ओढण्याचे कष्ट, अरुंद लोखंडी धावेने रस्त्यांची होणारी चाळण या गोष्टींकडे त्यांनी लक्ष वेधले. टायरच्या बंडीने डांबरी रस्त्यावर बैलाचे कष्ट कमी केले यात शंका नाही. वंगणाच्या जागी बेअरिंग आले, धावेचा खडखडाट थांबला, माल अधिक मावू लागला.

पण या बदलाची दुसरी बाजूही होती, आणि माझ्या म्हणण्याचे सार त्या बाजूला आहे. ज्या बाभळीचे लाकूड जुन्या चाकाला तारत होते, त्याच बाभळीचा काटा नव्या चाकाला मारू लागला. चाकाचे दुखणे गावातल्या सुताराकडून निघून पंक्चरवाल्याकडे गेले. ट्रकच्या टाकून दिलेल्या झिजक्या टायरांवर कित्येक बंड्या चालल्या. शिवाय सहज घरंगळणारी बंडी उताराला बैलाच्या मानेवर येते. तिला रोखायला जुन्या चाकाची जड घासण उरली नव्हती, आणि ब्रेक तर बहुतेक बंड्यांना नव्हताच. म्हणजे चाक बदलले की केवळ चाक बदलत नाही. त्याच्याबरोबर भार बदलतो, रोखण्याची रीत बदलते, दुरुस्त करणारा माणूस बदलतो आणि खर्चाची जागाही बदलते. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' अशी आपली म्हण आहे. वंगणाचा नळा बंडीला बांधलेला असतो, म्हणून बंडी निघाली की तोही निघतो. तसेच चाकाबरोबर अनेक गोष्टी न सांगता प्रवासाला निघतात. चाक घेताना त्या सर्वांचा हिशेब ज्याने केला नाही, त्याने चाक निवडले असे म्हणताच येणार नाही. त्याने फक्त विकत घेतले.

आता त्या सेंटरलॉककडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींचे टायर फार फुटत. कॉव्हेंट्री येथील रज-व्हिटवर्थ या सायकली बनवणाऱ्या इंग्रज कंपनीने १९०८ च्या सुमारास मध्ये एकाच नटाने बसणारे, चटकन काढता येणारे तारांचे चाक पुढे आणले. आसाच्या टोकाला उभ्या खाचा, त्यांवर चाकाचा तुंबा सरकवायचा आणि वरून एक मोठा नट आवळायचा. नटाला कान असत. त्यावर हातोडा मारून तो आवळायचा किंवा सोडायचा. गाडीच्या दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट ठेवलेले, अशा हेतूने की चाक फिरताना नट सैल न होता आवळत जावा. जग्वार, एमजी यांसारख्या गाड्यांवर ही चाके १९६० च्या दशकापर्यंत मिरवत होती. ते बाहेर आलेले कान रस्त्यावरच्या माणसाला लागून इजा करू शकतात, म्हणून अमेरिकेने १९६८ पासून त्यांना बंदी घातली. म्हणजे तिथेही देखणेपणाला अखेर पादचाऱ्याच्या पिंढरीचा विचार करावा लागला.

शर्यतीच्या गाड्यांत मात्र हा एक नट टिकला, कारण तिथे वेळ हेच सर्वस्व आहे. फॉर्म्युला वन शर्यतीत ऑक्टोबर २०२३ मध्ये कतार येथे मॅक्लारेनच्या चमूने चारही चाके १.८० सेकंदांत बदलली. आपल्या तोंडातून 'वलगाव' हा शब्द दोनदा निघेपर्यंत काम संपले! पण त्याच शर्यतींत २०१८ साली मेलबर्नला हास संघाच्या दोन्ही गाड्या चौथ्या-पाचव्या क्रमांकावर धावत असताना, नट नीट न बसल्यामुळे एकामागून एक बाद झाल्या. २०२१ साली मोनॅको येथे मर्सिडीजच्या गाडीचा एक नट यंत्राने असा झिजला, की चाक निघेचना. शर्यत तिथेच संपली, आणि ते चाक निघाले दोन दिवसांनी, कारखान्यात. जगातले उत्तम कारागीर, उत्तम हत्यारे आणि रोजचा सराव असताना जर एका नटाची ही तऱ्हा, तर परतवाडा रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात त्याचे काय होईल, याचा विचार आपण करायला नको काय?

पोर्शे कंपनीने २००९ साली ९११ जीटी-३ या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला सेंटरलॉक चाके दिली. तो नट आवळायला ६०० न्यूटन-मीटर इतका जोर लागतो. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ६० किलो वजनाचा माणूस लोंबकळावा एवढा. साध्या मोटारीच्या एकेका नटाला याच्या चौथाई-पंचमांश जोर पुरतो. शिवाय त्या नटाला आधी आवळायचे, मग थोडे सोडायचे, पुन्हा मोजून आवळायचे, आणि तोवर एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, असा विधी आहे. आत एक लहानशी अडकण असते, ती जागेवर बसली की नाही हे पाहायचे. पाच नटांपैकी एक सैल झाला, तर बाकीचे चार ओरडून सांगतात : चाक हलते, आवाज येतो, माणूस सावध होतो. एकच नट असला, तर सावध करायला दुसरा कोणी नसतो. एका नटाची सोय ही एका मुलाच्या घरासारखी आहे. सारे सुख एकाच ठिकाणी आणि सारी चिंताही तिथेच.

यावर कुणी म्हणेल, की मूळ गाडीला पाच नट असले तरी बाजारात जोडपट्ट्या मिळतात. त्या लावून एक नट करता येतो. मिळतात, हे खरे. पण अशी जोडपट्टी मूळ तुंब्यावर पाच नटांनीच बसते. म्हणजे पाचांची काळजी संपत नाहीच, वर सहाव्याची वाढते. शिवाय चाक तेवढे बाहेर सरकते. खांद्याशी धरलेली पाण्याची बादली आणि हात लांब करून धरलेली तीच बादली, यांत जो फरक, तोच फरक बेअरिंगला सोसावा लागतो. याहून गमतीची वस्तू म्हणजे नुसते झाकण : आत पाच नट तसेच ठेवून वरून एका नटाचे सोंग! नाटकात मुकुट पुठ्ठ्याचा असला तरी चालतो, कारण तिथे राज्य करायचे नसते. रस्त्यावर पुठ्ठ्याचा मुकुट घालून कशाला हिंडायचे?

मग चाक बदलूच नये काय? असे मी मुळीच म्हणत नाही. टायर झिजतात, रिम वाकते, बदल करावाच लागतो. कंपनीने दिलेलेच चाक नेहमी उत्तम असते असेही नाही. पण निवडताना काही प्रश्न क्रमाने विचारावेत, आणि ते प्रश्न बंडीला, मोटारसायकलला आणि स्पोर्ट्स कारला सारखेच लागू पडतात.

पहिला प्रश्न : हे चाक किती भार सोसेल? टायरच्या कडेवर लिहिलेले आकडे ही शोभा नव्हे. २०५/५५ आर १६ ९१ व्ही असे लिहिले असेल, तर रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आतली रिम १६ इंची. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार चालेल आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. जिथे चार अंकांचा गट दिसेल, तिथे टायरचा जन्म लिहिलेला असतो. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. स्वस्तात मिळालेला 'नवा' टायर किती वर्षे गोदामात पडून होता, हे त्यावरून कळते. आपण शिलालेख वाचायला शिकतो, मोडी वाचायला शिकतो. मग ज्यावर आपला जीव चालतो तो लेख का वाचू नये?

दुसरा प्रश्न : नव्या चाकाची एकूण उंची जुन्याएवढीच आहे काय? वर सांगितलेल्या टायरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २२५/४५ आर १७ घेतला, तर ६३४ होतो, फरक नगण्य. पण केवळ 'भरलेला दिसतो' म्हणून २२५/५५ आर १७ चढवला, तर ६७९ होतो. साडेसात टक्क्यांची वाढ! मग काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८६ ने धावत असते. चालवणाऱ्याला वाटते आपण सावकाश आहोत, आणि रस्त्याला ते पटत नाही.

तिसरा प्रश्न : हे चाक किती जड आहे? चाकाच्या कडेला असलेला एक किलो, गाडीत ठेवलेल्या एक किलोपेक्षा वेग घेताना दुप्पट ऊर्जा मागतो. कारण त्याला पुढेही न्यायचे असते आणि फिरवायचेही असते. शंकरपटाचा छकडा हलका का करतात, याचे उत्तर हेच. शंकरपट ही आमची शर्यत आणि छकडा ही आमची स्पोर्ट्स कार. आपल्या अमरावती जिल्ह्यातले तळेगाव दशासर शंकरपटासाठी प्रसिद्ध आहे. तिथे छकड्यावर कुणी जादा लोखंड लादत नाही. जे काढता येईल ते काढतात. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची स्पोर्ट्स कार बनवली, तिचे इंजिन सुमारे बाराशे सीसीचे होते आणि अंग फायबरचे. वेग हा वजन कमी करून येतो, चाके जाड करून नव्हे, हे पट हाकणाऱ्याला सांगावे लागत नाही. आम्हा शिकलेल्यांना सांगावे लागते.

चौथा प्रश्न : रस्ता कोणता? कडेची उंची कमी असलेला टायर वळणावर चांगला धरतो, गुळगुळीत रस्त्यावर तो राजा. पण आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर जे खड्डे पडतात, तिथे पातळ कडेच्या टायरमधून धक्का सरळ रिमवर जातो. रुंद टायर पाण्याच्या थरावर तरंगण्याचा धोकाही अधिक. जर्मनीच्या रस्त्यासाठी घडवलेले चाक पेढीच्या पुलाकडे आणताना मध्ये किती देश आणि किती रस्ते बदलले, हे विसरून चालणार नाही.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : ते दुरुस्त कोण करणार? सेंटरलॉक चाकाच्या बहुतेक गाड्यांत जादा चाक दिलेलेच नसते. एक लेप आणि हवा भरायचा पंप तेवढा असतो. काळ्या रात्री आडमार्गावर चाक गेले, तर ६०० न्यूटन-मीटरचा पाना कुठून आणणार? आपल्या गावचा पंक्चरवाला हुशार आहे, पण त्याच्याजवळ असलेल्या हत्यारांना शोभेल तेच चाक त्याच्यापुढे न्यावे. ज्याची दुरुस्ती आपल्या पंचक्रोशीत होत नाही, ती वस्तू आपली नसते. आपण तिचे असतो.

आता एका आक्षेपाचा विचार करतो. तरुणांनी हौस करूच नये काय, सगळे मोजूनमापून जगावे काय, असे माझे मित्र विचारतात. हौस अवश्य करावी. पोळ्याला आपण बैलांची शिंगे रंगवतो, झुली घालतो; बंडीच्या चाकांनाही रंग देतो. पण रंग देण्यापूर्वी खीळ तपासलेली असते. हौस ही शेवटची पायरी आहे, ती पहिली झाली की अनर्थ. आणि हौस कर्जाने करू नये. आपल्या वलगावजवळ, पेढीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. दिखाऊ खर्चासाठी कर्ज काढू नका आणि मुक्या जनावरांना अभय द्या, हे त्यांनी आयुष्यभर खेडोपाडी सांगितले. चाकांच्या जोडीसाठी मोटारसायकलच्या किमतीच्या निम्म्याएवढा हप्ता डोक्यावर घेणाऱ्या मुलाचा बाप कापूस विकून ते फेडतो, तेव्हा ते चाक नेमके कुणाच्या मानेवर फिरते?

मुक्या जनावरांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. पुढे महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. त्यानंतर पट पुन्हा रंगू लागले. या नऊ वर्षांच्या वादातून एक गोष्ट सिद्ध झाली : वेगाचा आनंद समाजाला मान्य आहे, पण तो ज्याच्या जिवावर घेतला जातो त्याचा विचार केला तरच. जी अट बैलासाठी, ती रस्त्याने चालणाऱ्या माणसासाठी का नसावी?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे पुन्हा बजावले. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी उरता कामा नये, असाही नियम आहे. पण कायदा पोलिसाच्या शिटीपुरता मानला, तर तो चौकातच संपतो.

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे जे घडले, ते सर्वांना आठवत असेल. पोर्शेसारखी नामांकित गाडी, चाके आणि ब्रेक जगातल्या उत्तमांपैकी, आणि चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा. मोटारसायकलवरून जाणारे दोन तरुण अभियंते जिवास मुकले. त्या महागड्या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे राहून गेली होती, असे नंतर उघड झाले. जामिनाच्या पहिल्या अटींत अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, आणि त्यावरून देशभर संताप उसळला. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी निबंध लिहिण्यात वर्षे घालवतो. निबंधाची किंमत आम्हाला ठाऊक आहे. दोन जिवांच्या तुलनेत ती काय, हेही आम्हाला कळते. त्या रात्री गाडीच्या चारही चाकांत दोष नव्हता. पाचवे चाक, जे माणसाच्या हाती असते, त्याची खीळ निसटली होती.

म्हणून दोन साध्या सूचना करून हे लेखन संपवतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने सत्राच्या आरंभी एक दिवस सायकल-स्टँडवर बसावे. हातात हवा मोजायचे यंत्र आणि टायरची नक्षी मोजायची पट्टी. प्रत्येक मोटारसायकलचे टायर किती झिजले, हवा किती, चाक मूळचे की बदललेले, याची नोंद घेऊन मालकाला चिठ्ठी द्यावी. दंड नको, भाषण नको, नुसती चिठ्ठी. एका दिवसाच्या या कामाने एक जरी अपघात टळला, तरी वर्षभराच्या शिबिराचे पुण्य पदरात पडेल.

दुसरी सूचना मराठी विभागाला. तुंबा, आरा, पुठ्ठा, धाव, आस, वंगण, जू हे शब्द ज्यांच्या तोंडी रोजचे होते, ती पिढी आता ओट्यावर बसलेली आहे. वलगाव, आसेगाव, चांदूर बाजार, अचलपूर या भागांतल्या म्हाताऱ्या सुतार-लोहारांकडे विद्यार्थ्यांनी वही घेऊन जावे. चाकाच्या एकेका भागाला त्यांच्या गावी काय म्हणत, कोणते लाकूड कशासाठी घेत, धाव कधी चढवत, हे लिहून आणावे. दहा कोसांवर शब्द बदलतो म्हणतात, तो कसा बदलतो ते कळेल. शब्दकोशात नसलेले कितीतरी शब्द हाती लागतील. आणि त्या शब्दांबरोबर ती पारखही येईल. कारण ज्या वस्तूच्या प्रत्येक भागाला आपल्याजवळ नाव असते, तिला आपण आंधळेपणाने विकत घेत नाही. आज चाकाला आपल्याजवळ एकच शब्द उरला आहे, 'मस्त'. एवढ्या एका शब्दावर एवढा मोठा भार टाकणे धोक्याचे आहे.

सेंटरलॉकचा तो एक नट पाहून डोळे दिपले, तर दिपू द्यावेत. त्यानंतर मात्र वाकून बसावे, टायरच्या कडेवरचे आकडे वाचावेत, आणि बंडी जुंपण्यापूर्वी आपला आजा जे करीत असे ते करावे : खीळ हाताने हलवून पाहावी.